एकच साडी, चार पत्ते

प्रश्न : इंदूरला राजवाड्याजवळ आमचं माहेश्वरी साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट पीएचपीत, हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत. यादीतून उघडलं, जाहिरातीतून उघडलं, की त्याच साडीच्या पानाचा पत्ता (यूआरएल) बदलतो. म्हणून हेडर टेम्प्लेटमध्ये कॅनॉनिकल टॅग (अनेक पत्त्यांपैकी खरा कोणता, हे गूगलला सांगणारी ओळ) घातला, तर गूगलवर साड्यांची पानंच दिसेनाशी झाली. असं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हेडरमध्ये मुख्य पानाचा पत्ता जसाच्या तसा लिहिला गेला असणार. तोच हेडर सगळ्या पानांना लागतो, म्हणजे प्रत्येक साडीचं पान गूगलला सांगतं की खरं पान मी नाही, मुख्य पान आहे.

टेम्प्लेटमध्ये पत्ता लिहायचा नसतो, तिथल्या तिथे तयार करायचा असतो. एचटीटीपीएससह डोमेन कॉन्फिग फाइलमधून घ्या. ब्राउझरने पाठवलेल्या होस्टवर (डोमेनच्या नावावर) विसंबलात तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते स्वतःलाच खरं म्हणतील. त्याला चालू पानाचा मार्ग जोडा. प्रश्नचिन्हापुढचं मात्र सरसकट कापू नका. यूटीएम (जाहिरातीचा माग ठेवणाऱ्या खुणा) आणि सॉर्ट (यादीचा क्रम) काढा. साडीचा आयडी किंवा यादीचा पान क्रमांक तिथे असेल तर तो ठेवा. यादीचं दुसरं पान पहिल्याकडे वळवणं चूकच, कारण त्यावरच्या साड्या वेगळ्या असतात. मराठी पानाचा कॅनॉनिकलही हिंदीकडे नको. दोन्ही पानं आपापला पत्ता देतील, त्यांचं नातं एचरेफलँगने, म्हणजे एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या दाखवणाऱ्या खुणेने, सांगा.

आता जागा. टॅग हेडमध्येच, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागातच हवा, आणि एकच. चॅटच्या विजेटचा आयफ्रेम किंवा डिव्ह हेडमध्ये आला की ब्राउझर हेड तिथेच संपलं असं धरतो आणि खालचा टॅग बॉडीत जातो, जिथे तो मोजला जात नाही. व्ह्यू सोर्समध्ये हे कळत नाही, सगळं जागेवरच दिसतं. डेव्हलपर टूल्सच्या एलिमेंट्समध्ये बघा. टॅग कॅरसेटच्या (अक्षरसंच सांगणाऱ्या) ओळीनंतर लगेच ठेवलात तर ही भानगडच नको. एसइओ प्लगइनही स्वतःचा टॅग घालत असेल, तर दोनांपैकी एक काढा.

२००९ साली हा टॅग आला तेव्हापासून गूगल त्याला हुकूम नव्हे, सूचना मानतं. साइटमॅप (गूगलसाठीची पानांची यादी) आणि मेनूतल्या लिंका जुन्याच पत्त्यांच्या राहिल्या, तर गूगल वेगळं पान निवडू शकतं. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत तुम्ही दिलेला आणि गूगलने निवडलेला, दोन्ही कॅनॉनिकल दिसतात. आधी चार-पाच साड्यांची पानं तिथे तपासा, मग इंडेक्सिंगची (पान गूगलच्या नोंदीत घेण्याची) विनंती करा.