सुपरकॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनचा टेराबाइटभर डेटा बघायचा आणि तपासायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की प्रवाहाचं सिम्युलेशन सुपरकॉम्प्युटरवर नीट पार पडलं, ग्रिड १०२४ × १०२४ × १०२४ ची आहे, हजार टाइमस्टेप (वेळेचे टप्पे) साठवल्यात आणि आता सगळा डेटा लॅपटॉपवर उतरवून बघायचाय. पण पहिल्याच फाइलला मशीन गपगार पडतं. जास्त मेमरीचा लॅपटॉप घेऊ का, असंही विचारलंय.

घेऊ नका. आधी हिशेब मांडू. या ग्रिडवर जवळपास १०७ कोटी बिंदू आहेत. एक आकडा ८ बाइटचा धरला तर एकच व्हेरिएबल ८.६ जीबी. वेगाचे तीन घटक, दाब आणि तापमान मिळून एक टाइमस्टेप ४३ जीबी, हजार टाइमस्टेप ४३ टीबी. सेकंदाला १ गिगाबिटची लाइन अखंड पूर्ण वेगाने मिळाली, तरी हे उतरायला चार दिवस लागतील. आणि तुमच्या स्क्रीनवर पिक्सेल किती? १९२० × १०८० म्हणजे २१ लाखांच्या आत. एकेका पिक्सेलमागे पाचशेहून जास्त बिंदू! शेवटी डोळ्यांसमोर जे येणार ते काही एमबीचं चित्र. तेवढंच इकडे आणा, डेटा आहे तिथेच राहू द्या.

यासाठी पॅराव्ह्यू आणि व्हिजिट ही दोन सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरात आहेत, दोन्ही ओपन सोर्स. मी पॅराव्ह्यू वापरतो. त्याचा सर्व्हर सुपरकॉम्प्युटरच्या नोडवर (त्यातल्या एकेका संगणकावर) जॉब म्हणून चालवायचा, लॅपटॉपवर फक्त क्लायंट ठेवायचा आणि दोघांना एसएसएच टनेलने (सुरक्षित जोडणीने) जोडायचं. फाइली तिकडचे शेकडो कोअर वाटून वाचतात, चित्रही तिकडेच तयार होतं. नवे लोक अडकतात ते एका साध्या गोष्टीवर: दोन्हीकडे पॅराव्ह्यूचं व्हर्जन एकच लागतं. जोडणी झाली नाही तर आधी ते बघा.

एवढं करूनही साधी स्लाइस (डेटाचा सपाट छेद) यायला पाच-दहा मिनिटं लागली, तर दोष बहुधा फाइलच्या मांडणीत असतो. ॲरे (आकड्यांचा त्रिमितीय तक्ता) सलग लिहिलेला असेल, तर एका दिशेची स्लाइस म्हणजे डिस्कवरचा ८ एमबीचा सलग तुकडा. क्षणात वाचून होतो. तीच स्लाइस दुसऱ्या दिशेने मागितली की साडेदहा लाख आकडे एकमेकांपासून ८ केबी अंतरावर विखुरलेले असतात, आणि ते गोळा करताना जवळपास अख्खी फाइल चाळली जाते. एचडीएफ५ या फाइल फॉरमॅटमध्ये ॲरेचे घनाकृती चंक (तुकडे) पाडून ठेवता येतात. मग कुठल्याही दिशेने मागितलं तरी काम आटोक्यात राहतं. हे लोक फार उशिरा शिकतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता विश्लेषणाबद्दल, कारण चित्र दिसलं म्हणजे समजलं असं नाही. माझ्या एका रनमध्ये (ग्रिड तुमच्याएवढीच) भोवऱ्यांच्या आयसोसरफेसवर (एकाच किमतीचे बिंदू जोडणाऱ्या पृष्ठभागावर) एकसारख्या अंतराने बारीक शिवणी दिसत होत्या. दोन दिवस मी त्यांत भौतिकशास्त्र शोधत बसलो. मग अंतर मोजलं: बरोबर १२८ सेल, म्हणजे ग्रिडची घरं. डेटा ५१२ प्रोसेसवर ८ × ८ × ८ असा वाटलेला होता, म्हणजे प्रत्येक शिवण एका ब्लॉकच्या कडेवर पडत होती. भोवरे काढायला वेगाचा ग्रेडियंट (जागेनुसार होणारा बदल) लागतो, ग्रेडियंटला शेजारचा सेल लागतो, आणि कडेवर तो शेजारी दुसऱ्या प्रोसेसकडे होता. घोस्ट सेल (शेजारच्या ब्लॉकच्या कडेच्या सेलच्या प्रती) तयार करून घेतल्यावर शिवणी नाहीशा झाल्या. तेव्हापासून चित्रात काही सरळ किंवा ठरावीक अंतराने दिसलं की मी आधी सेल मोजतो.

दुसरी सवय म्हणजे त्रिमितीय चित्राआधी हिस्टोग्राम. एका टाइमस्टेपचे किमान-कमाल आकडे आणि त्यांची विभागणी बघा. एखाद्याच सेलमध्ये भलताच आकडा असला, तर रंगांची पट्टी त्याच्यापर्यंत ताणली जाते आणि बाकी सगळं एकाच रंगात बुडतं. इंद्रधनुषी रंगपट्टी तर टाळाच. पिवळ्याच्या आसपास डोळ्याला जी कडा जाणवते ती डेटात नसते. व्हिरिडिससारखी पट्टी घ्या, तिच्यात उजळपणा सारखा वाढत जातो.

पुढच्या रनसाठी मात्र आतापासून वेगळा विचार करा. गणिताचा वेग डिस्कच्या वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढला आहे. २०२२ साली फ्रंटियर या अमेरिकी सुपरकॉम्प्युटरने सेकंदाला १०^१८ गणितांचा, म्हणजे एकावर अठरा शून्यं इतका टप्पा ओलांडला. एवढ्या वेगाने तयार होणारं सगळं डिस्कवर उतरवणं शक्यच नाही. म्हणून लोक दर काहीशे टाइमस्टेपनंतर एकदा साठवतात, आणि मधल्या मध्ये जन्मून विरलेला भोवरा कायमचा हातचा जातो. यावर उपाय म्हणजे इन-सिटू: डेटा मेमरीत असतानाच स्लाइस, आयसोसरफेस, सरासऱ्या काढायच्या. पॅराव्ह्यूचं कॅटॅलिस्ट किंवा असेंट ही लायब्ररी तुमच्या कोडला जोडता येते. यात अडचण खरी आहे, काय बघायचं ते आधी ठरवावं लागतं. मी आकडेवारी दर टाइमस्टेपला, स्लाइस दर दहाव्या टाइमस्टेपला आणि पूर्ण डेटा क्वचितच लिहितो. झेडएफपीसारखं कॉम्प्रेशनही वापरता येतं, त्यात किती चूक चालेल याची मर्यादा आपण ठरवतो. पण ग्रेडियंट घेताना ती चूक फुगते, तेव्हा मर्यादा कडक ठेवा.

तुमच्या फाइली कुठल्या फॉरमॅटमध्ये आहेत ते प्रश्नात आलेलं नाही. एचडीएफ५ असतील तर त्याच्याबरोबर येणाऱ्या एच५डंप या प्रोग्रॅमने नुसतं हेडर आणि प्रॉपर्टी छापून घ्या, चंक आहेत का आणि केवढे ते दिसेल. ते इथे कळवलंत तर किती नोड मागायचे ते नेमकं सांगता येईल.