"पस्तिशीपर्यंत ही शिकतच राहणार का?"

मी करिअरबद्दल समुपदेशन करते. मुलीला घेऊन आलेल्या वडिलांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. पेन्सिलीने आखलेला तक्ता होता. एकविसाव्या वर्षी बी.एस्सी., तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., एकोणतिसाव्या वर्षी पीएच.डी., त्याखाली 'पोस्टडॉक' (पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम) दोनदा, आणि पस्तीसच्या पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. ते इतक्या वेळा गिरवलं होतं की तिथे कागद फाटायला आला होता.

"मॅडम, तुम्हीच सांगा. पस्तिशीपर्यंत ही शिकतच राहणार का?"

मुलगी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, रेडिओ लहरींतून अभ्यास करायचा, हे तिचं ठरलेलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील बोलत होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. हे भाषण तिने पुष्कळदा ऐकलेलं असणार.

अशा वेळी दोन्ही बाजूंना वाटतं की मी समोरच्याला समजवावं. मी तक्ता नीट पाहिला आणि म्हटलं, "तुमचा हिशोब साधारण बरोबर आहे." वडील वादाच्या तयारीने आले होते, त्यांना पुढे काय बोलावं सुचेना. मुलगी मात्र माझ्यावर चिडली.

एकच दुरुस्ती मी सुचवली. ही सगळी वर्षं 'शिकण्याची' नसतात. पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी पाठ्यवृत्ती मिळते आणि पोस्टडॉक ही तर पगारी नोकरीच, फक्त मुदतीची. दोन-तीन वर्षं झाली की पुन्हा अर्ज, पुन्हा नवं गाव, कदाचित नवा देश. एवढं करून शेवटी कायमची जागा सगळ्यांनाच मिळते असं नाही. खरी अडचण ही आहे, आणि तिचा मुलीने विचारच केला नव्हता. "तेव्हाचं तेव्हा बघू," एवढंच तिचं उत्तर.

मग मी तिला विचारलं, "सकाळी कामावर गेलीस की संध्याकाळपर्यंत काय करशील?"

"दुर्बिणीतून दीर्घिका बघेन."

इथे गोम होती. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावून कोणी काही बघत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण घ्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचे आणि त्यातून संगणकावर गणिताने चित्र उभं करायचं. त्याआधी डेटामधला कचरा काढायचा: मोबाइल टॉवर, विमानं, उपग्रह, विजेच्या तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत अनेक वर्षं एक चमत्कारिक सिग्नल अधूनमधून यायचा. २०१५ मध्ये छडा लागला, तेव्हा तो तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचा निघाला. ओव्हन बंद व्हायच्या आधीच कोणी दार उघडलं की तो यायचा. वडील पहिल्यांदा हसले ते इथे.

बरं, कचरा काढून हाती काय लागतं? दीर्घिकांमधल्या तटस्थ (विद्युतभार नसलेल्या) हायड्रोजन वायूचा सिग्नल मुळात २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा. २०२३ मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून जाहीर झालेला एका दीर्घिकेचा असाच सिग्नल ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता आणि विश्वाच्या प्रसरणामुळे ४८ सेंटिमीटरपर्यंत ताणला गेला होता. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे तीसपट वाढवला, म्हणून तर सापडला. अशी मदत नसेल तर काय करावं लागतं? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ७६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून त्यांची सरासरी काढावी लागली. एकेकटीचा आवाज ऐकूच येत नव्हता.

हे ऐकून दूरच्या दीर्घिकांची ओढ वाढते की कमी होते, ते मला पाहायचं होतं.

दोघांनाही सहा आठवड्यांचा गृहपाठ दिला. आकाशाच्या अनेक मोठ्या रेडिओ सर्वेक्षणांची चित्रं सगळ्यांना खुली असतात. त्यातल्या काहींत दोन ठळक ठिपके दिसतात, आणि मधल्या एखाद्या दीर्घिकेच्या कृष्णविवराने ते दोन बाजूंना फेकलेले असतात. मुलीने ही मधली दीर्घिका साध्या प्रकाशातल्या चित्रांत शोधायची. रोज वहीत दोन ओळी लिहायच्या: आज काय केलं, आणि कधी उठून जावंसं वाटलं. वडिलांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून संशोधन सोडलेली तीन माणसं गाठायची.

हाच गृहपाठ मी पूर्वी एका मुलाला दिला होता. त्याच्या खोलीभर तेजोमेघांची पोस्टर्स होती. चौथ्या दिवशी फोन आला, "मला हे वाचायला आवडतं, करायला नाही." घरचे हिरमुसले, पण माझ्या लेखी ते समुपदेशन यशस्वी झालं.

ही मुलगी सहा आठवड्यांनी वही घेऊनच आली. पहिल्या आठवड्यात तीनदा 'कंटाळा' लिहिलेलं. अकराव्या दिवशी दोन ठिपके, आणि मधे काहीच नाही. त्यावर चार दिवस गेले. मग तिच्या लक्षात आलं की ती जोडी नसावीच, आकाशात योगायोगाने शेजारी दिसणारे ते दोन वेगळे स्रोत असावेत. त्याबरोबर आधी 'जोडी' म्हणून नोंदवलेली सगळी उदाहरणं तिने स्वतःहून पुन्हा तपासायला काढली होती. "मॅडम, त्यातली नऊ चुकली होती!" हे सांगताना तिचा चेहरा असा, की जणू बक्षीस मिळालंय. मार्कांपेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

वडिलांनीही आपलं काम चोख केलं होतं. एक जण वैद्यकीय स्कॅनच्या प्रतिमांवर काम करतो, एक बँकेत डेटा सांभाळते, तिसरा शिकवतो. "तिसऱ्याला संशोधन सोडल्याची अजून खंत आहे," हेही त्यांनी लपवलं नाही. मी वाय-फायची गोष्ट सांगितली. त्यामागच्या एका महत्त्वाच्या तंत्राचं मूळ कृष्णविवरांच्या स्फोटांचे रेडिओ सिग्नल शोधण्याच्या खटाटोपात आहे. ते सिग्नल काही सापडले नाहीत, गणित मात्र पुढे कामी आलं.

वाटाघाटी अर्ध्या तासात उरकल्या. एम.एस्सी.बरोबर प्रोग्रामिंग आणि सिग्नल प्रोसेसिंग पक्कं करायचं. पाठ्यवृत्तीशिवाय पीएच.डी. नाही. पहिल्या पोस्टडॉकच्या शेवटी थांबून, सगळ्यांनी बसून विचार करायचा. ही शेवटची अट वडिलांची होती आणि मुलीने ती मान्य केली. वडिलांनी तक्त्यात त्या जागी 'बोलणे' असं लिहिलं. पुढचं प्रश्नचिन्ह त्यांनी पुसलं नाही, मीही सुचवलं नाही.

निघताना दाराशी थबकून ते लेकीला म्हणाले, "पण ते दोन ठिपके वेगवेगळेच आहेत, हे तुला नक्की कसं कळलं?" तिने तिथेच वही उघडली. माझ्या पुढच्या भेटीची मंडळी बाहेर ताटकळत होती आणि हे दोघं दार अडवून उभे.