काउंटरटेनरला 'स्त्रीपार्टी गायक' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की लिओनार्दो विंचीच्या 'आर्तासेर्से' ऑपेराच्या रेकॉर्डिंगवर मराठीत लिहायचंय, त्यात पाच काउंटरटेनर (बायकांइतक्या उंच आवाजात गाणारे पुरुष) आहेत, तर त्यांना 'नपुंसक गायक' म्हणायचं, 'बायकी आवाजाचे' म्हणायचं की सरळ 'स्त्रीपार्टी'? (विंची म्हणजे मोनालिसावाला नव्हे हं, हा नेपल्सकडचा, दोनेकशे वर्षांनंतरचा.)

पहिला शब्द आधी खोडा. तो कास्त्रातोंसाठी वापरला असता तर एकवेळ समजलं असतं, लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटूच दिला नाही ते. 1730 साली रोममध्ये हा ऑपेरा झाला तेव्हा पोपच्या हुकमामुळे तिथे बायकांना रंगमंचावर बंदी, त्यामुळे बायकांच्या भूमिकासुद्धा या कास्त्रातोंकडेच. 2012 च्या रेकॉर्डिंगमधले जारूस्की, चेंचिच, फाजिओली वगैरे मंडळी आवाज फुटलेले चारचौघांसारखे पुरुष आहेत, फक्त मेहनतीनं फॉल्सेटो, म्हणजे छातीच्या आवाजाच्या वरचा तो हलका, उंच आवाज, कमावलाय.

आता फॉल्सेटो म्हणजे शब्दशः खोटाच, इटालियनमध्ये 'फाल्सो' म्हणजे खोटा, आणि गंमत म्हणजे आपल्याकडे क्लासमध्येही गुरुजी ओरडतात ना, 'खोटा आवाज लावू नकोस', तोच हा. पण म्हणून 'खोट्या आवाजाचे गायक' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल प्लेबॅकवर ओठ हलवतायत. 'वरच्या पट्टीत गाणारे' म्हटलं तरी पंचाईत, कारण वरच्या पट्टीत गाणारे गवई आपल्याकडे ढिगानं आहेत पण ते छातीतून गातात. पहिल्या अंकाच्या शेवटचं 'वो सोल्कांदो' हे गाणं हेडफोन लावून ऐका, शीड नाही दोर नाही अशा नावेतून खवळलेला समुद्र कापत चाललोय असे शब्द आहेत, आणि फाजिओली टिपेला ताना घेता घेता मधेच धपकन खाली छातीच्या आवाजात उतरतो, मी दचकलोच होतो, म्हटलं हा दुसरा कोण आला!

'प्रतिटेनर' असंही कुणीतरी सुचवलंय, पण नको. टेनर (आज पुरुषांचा नेहमीचा उंच आवाज) मूळ लॅटिन 'तेनेरे'वरून, म्हणजे धरणं, जुन्या चर्चसंगीतात मूळ चाल लांब सुरांत धरून ठेवणारा तो टेनर आणि त्याच्या जोडीला रचलेली ओळ ती काँट्राटेनर. हे सगळं 'प्रति'मधून कुणाला कळणार, उलट टेनरचा दुश्मन वाटेल.

राहिला 'स्त्रीपार्टी'. शब्द आपला, झकास आहे, पण तो भूमिकेचा शब्द, आवाजाचा नाही. जारूस्की इथे खुद्द राजा आर्तासेर्से आहे, फाजिओली त्याचा मित्र आर्बाचे, मिनेंको सेनापती मेगाबिझे, त्यांना स्त्रीपार्टी कसं म्हणणार? राजकन्या मांदाने झालेला चेंचिच आणि सेमीरा झालेला बार्ना-साबादुस, हे दोघंच खरे स्त्रीपार्टी. 'बायकी'चंही तेच, वर त्याला टिंगलीचा वास.

तेव्हा 'काउंटरटेनर'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'फॉल्सेटोत गाणारा पुरुष' एवढं जोडा की झालं. अनेकवचन 'पाच काउंटरटेनर', प्रत्यय लावताना 'काउंटरटेनरांचा', एकवचनी मात्र 'काउंटरटेनरने', 'टेनराने' कानाला खटकतं. आणि चेंचिच मांदाने 'झालाय' लिहा, 'झालीय' नको, बालगंधर्व सिंधू 'झाले' म्हणतो ना आपण, 'झाल्या' कुठे म्हणतो.