फॉगर बसवला तरी गायी धापा का टाकतात?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार, संगमनेर तालुक्यात आमचा गोठा आहे, एचएफ क्रॉसच्या (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) सात गायी. मार्च निम्मा झाला की दूध उतरायला लागतं, यंदा तर फॅट पण ३.८ वरनं ३.२ वर आली आणि संकलन केंद्रवाला चारचौघात विचारतो, पाणी घालता का म्हणून. पाण्याचे बारीक तुषार उडवणारा फॉगर बसवला, पैसे गेले, तरी दुपारी गायी तोंड उघडं टाकून धापा टाकतात, लाळ गळते. काय करू?

उत्तर: दादा, आधी पाण्याचं मिटवू. एवढी फॅट नुसत्या पाण्यानं पाडायची तर एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) पण ८.५ वरनं ७.२ च्या आसपास यायला हवं. तुमच्या पावत्या काढा, एसएनएफ उन्हाळ्यात थोडंफार हलतं पण इतकं पडलं नसेल तर पावतीच त्याला दाखवा.

आता फॅट का पडली ते. वैरण पचताना गाईच्या पोटात भरपूर उष्णता तयार होते, त्यात कडबा पचायला जास्त, म्हणून उन्हात गाय आधी कडबा सोडते आणि खुराक तेवढा चाटून खाते. रवंथ कमी होतो, आणि जी लाळ पोटात जाऊन आम्ल मारायची ती तोंडातनं खाली गळून जाते. मग पोट आंबट होतं, फॅट घसरते. त्यामुळं रोजच्या वैरणीतला मोठा वाटा संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणि पहाटे टाका, दुपारी गव्हाणीत फक्त पाणी असलं तरी चालेल, पण ते सावलीतलं आणि भरपूर (दुधाची गाय उन्हाळ्यात दिवसाला ८०-१०० लिटर सहज पिते, टाकी तापली असेल तर पीतच नाही). खुराकात रोज १०० ग्रॅम खायचा सोडा दोन वेळेत विभागून द्या, सोबत मिनरल मिक्श्चर.

फॉगरचं म्हणाल तर तुमचा गोठा बाजूनं बंद आणि वर पत्रा आहे असं मी धरून चालतो, कारण बहुतेकांचं तसंच असतं. अशा गोठ्यात फॉगरनं नुसता दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि गाय उलट जास्त गुदमरते. बारीक थेंब केसांवरच राहतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. त्यापेक्षा पाइपनं कातडी भिजेपर्यंत पाणी मारा, मग मोठा फॅन लावून वाळू द्या, परत मारा. भिंती शक्य तेवढ्या उघड्या करा, पत्र्यावर उसाचं पाचट टाका किंवा चुना मारा. रात्री गायी मोकळ्या सोडा.

फरक पडला का ते दुधावरनं नको, श्वासावरनं बघा. मागं उभं राहून कुशीची हालचाल मिनिटभर मोजा. ६० च्या वर गेलं की त्रास सुरू झाला, ८० च्या वर म्हणजे जास्तच. हेच पहाटे पाचला मोजा, तेव्हाही ६० असेल तर गाय रात्रभर गार झालेली नाही, आणि मला दुपारपेक्षा ह्याची जास्त काळजी वाटते. उन्हामुळं माज पण मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, आणि गाभ धरायचा त्रास ऊन संपल्यावरही दीड-दोन महिने चालतो, तेव्हा जूनमध्ये गाय उलटली (भरवूनही गाभ राहिली नाही) की लगेच व्यापाऱ्याला फोन करू नका.

प्रश्न: डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत आमच्या पारनेर भागात खूप मेंढरं दगावली. एवढी लोकर असून थंडीनं कशी मरतात?

उत्तर: लोकर कोरडी असेल तरच ऊब देते. भिजली, वर वारा सुटला आणि पोट रिकामं असलं की मेंढरू काही तासांत गार पडतं, नुकती कातरलेली आणि कोकरं आधी. मागच्या उत्तरात गाईला नको असलेली, वैरण पचताना होणारी पोटातली उष्णताच इथं कामाला येते, म्हणून पावसाचा अंदाज आला की आधी कोरडी वैरण पोटभर खाऊ घाला, कातरणी पुढं ढकला, वाडा उंचवट्यावर हलवून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. भिजलेली कोकरं गोणपाटानं खसाखसा पुसा. एवढं करूनही काही दगावलीच तर पुरायच्या आधी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून पंचनामा करून घ्या, नाहीतर भरपाईचं अवघड होतं.