पुरात वीज-पाणी बंद पडलं की सगळ्यांना सारखाच त्रास होतो का?

मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी उपसा केंद्रांत शिरलं, पंप बंद पडले आणि शहराचे नळ कोरडे झाले. ज्यांच्याकडे बोअर होती त्यांचं कसंबसं निभावलं. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो. तिथून तिसऱ्या मजल्यावर घागर कोण नेणार? लिफ्ट बंद आणि घरात आजी एकटीच असेल तर? सगळ्यात जास्त घोर डायलिसिसच्या पेशंटांचा. एका वेळेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं, वीज लागते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं, मग रस्ता पाण्याखाली का असेना. अशा लोकांची प्रभागवार यादी पावसाळ्याआधीच तयार हवी, आणि टँकर, बोटी आधी त्यांच्याकडे जायला हव्यात.