औषध कोण पाजणार, ते आधी विचार

प्रिय बाय,

डिचोलीला गाळा मिळाला, दसऱ्याला लहान मुलांचा दवाखाना उघडतेस, असं बाबांनी फोनवर सांगितलं. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात वॉर्डात एवढी वर्षं राबलीस, तुला वैद्यक मी काय शिकवणार? पण वॉर्डात औषध सिस्टर देते. इथे ते घरचं माणूस देणार, आणि पुष्कळदा ते माणूस तुझ्यासमोर बसलेलंच नसतं.

म्हणून चिठ्ठी लिहायच्या आधी विचारत जा : घरी औषध कोण पाजणार? आई कारखान्यात पहिल्या पाळीला, बाप बोटीवर, मूल आजीकडे. असली घरं तुला डिचोली-सत्तरीत पदोपदी भेटतील. तू आईला सगळं नीट समजावलंस आणि पाजायचं आजीला, तर समजावणं वाया गेलं. आजी आली असेल तर तिला आत बोलाव. नसेल आली तर आईच्याच मोबाइलवरून तिला फोन लावून घे.

तापाचंच घे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. रात्री सिरप संपतं, कपाटात जुने ड्रॉप्स सापडतात, नाव तेच म्हणून चमचाभर पाजले जातात. आठ किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम पुरे होते, पोटात गेले ५००. तेव्हा बाटली तुझ्या टेबलावर उघडायला लाव, त्यांच्याच हाताने सिरिंजमध्ये औषध काढून घे आणि त्या खुणेवर पेनने ठळक रेघ मार. चष्मा विसरलेल्या आजीलाही ती दिसते.

जुलाबावरच्या ओआरएसचंही तेच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पण घरात मोजायला असतो पेला. अर्धं पाकीट पेल्यात, अर्धं घडी घालून डब्यात! इतकं दाट मीठपाणी मुलाला अपायच करतं. लिटरची बाटली घेऊन यायला सांग आणि पाणी कुठवर भरायचं ते बोट ठेवून दाखव. दुकानातली गोड पेयं ओआरएसच्या नावाने खपायची; ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते नाव वापरायला मनाई केली, तरी सवय एका दिवसात जात नाही. जोडीला झिंक १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की झिंकही थांबतं, हे गृहीत धर आणि आधीच बजाव.

आजीशी भांडू नकोस. घुटी, वेखंड, काजळ, नाकात तेल, सगळं तुझ्यापुढे येईल. ओरडलीस तर ते बंद होणार नाही, फक्त तुझ्यापासून लपवलं जाईल. आणि मग मुलाच्या पोटात काय गेलं ते तुला कळणारच नाही. हलक्या हाताने तेल लावून अंघोळ घालू दे, दृष्ट काढू दे. वर्षाच्या आत मध नको, नाकात तेल नको, डोळ्यात काजळ नको, या तीन गोष्टींवर मात्र अडून राहा. काजळाचा टिळा पायाच्या तळव्याला लावा म्हटलं की बहुतेक आज्या ऐकतात.

"भुरगें दूद घेना," म्हणजे मूल दूध घेत नाही, ही तक्रार तुला रोज ऐकायला मिळेल. उत्तर तोंडाने देऊ नकोस, काट्याला देऊ दे. फर्निचरवर खर्च कमी कर, पण वजनकाटा उत्तम घे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढत असेल, तर आईचं दूध पुरतंय. तो आकडा कार्डावर लिही आणि सासूलाही दाखव. दुधाच्या डब्यांची जाहिरात घेऊन कोणी आलं तर दारातूनच परत पाठव. अशा जाहिरातीला मनाई करणारा १९९२ चा कायदाच आहे. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्यांचं नको.

आता बांबोळीला पाठवण्याबद्दल. ते नाव ऐकलं की घरच्यांचा धीर सुटतो; मूल हातचं गेलं असंच वाटतं. नुसती चिठ्ठी हातात देऊन मोकळी होऊ नकोस. आधी तिथे फोन कर. मग यांना सांग : ऑक्सिजन लावतील, सुई टोचतील, रात्री एकाला थांबावं लागेल, गाडीत मूल असं धरा. आणि सर्दी-खोकल्याचं मूल घरी पाठवताना श्वास मोजायला शिकव. मूल शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले की रात्र असो, पाऊस असो, निघायचं. दूध तोडलं, निपचित पडलं, तर मोजतही बसायचं नाही.

बोटीवरचे बाप भलत्या वेळी व्हिडिओ कॉल करतील. वैतागू नकोस, घरचे पैशाचे निर्णय पुष्कळदा तिथूनच होतात. मात्र पुरळाचे फोटो बघून औषध सांगायची सवय लावलीस तर तुला रात्री झोप मिळणार नाही, हे लिहून ठेव.

फी आधीपासून ठरावीक ठेव. ज्यांना परवडत नाही त्यांना कमी कर, पण ते बाहेरच्या बाकावर कोणाला ऐकू जाता कामा नये.

चवथीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडेल, लसीही चुकतील. राहिलेला डोस पुढे चालू करायचा, पहिल्यापासून नाही. काही आया याच भीतीने नंतर येतच नाहीत. त्यामुळे श्रावणातच कार्डं काढून फोन करायला रिसेप्शनवरच्या मुलीला सांग. काट्याचं दुकान मडगावला माझ्या ओळखीचं आहे. येत्या रविवारी सकाळी फोंड्याला आलीस तर बरोबर जाऊ.

तुझे,
डॉक्टरकाका