नोकरी सोडून कॅमेरा हाती घ्यावा का? लालबागच्या एका घराचा अनुभव

“मला निसर्गाचे आणि प्रवासाचे छायाचित्रण पूर्ण वेळ करायचे आहे, पण घरचे नोकरी सोडू देत नाहीत. ही माझी खरी ओढ आहे की कंटाळ्यातून शोधलेली पळवाट, हे ओळखायचे कसे?” समुपदेशनासाठी येणारी पंचविशी-तिशीतली अनेक मुले-मुली हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. माझ्या अनुभवात तो नुसता विचार करून सुटत नाही. ज्या कामाची ओढ वाटते त्यातल्या कंटाळवाण्या भागाला सामोरे गेल्यावर, आणि घरच्यांच्या विरोधामागची गोष्ट ऐकून घेतल्यावरच तो सुटू लागतो. हे ज्या मुलीच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसले, तिची हकिगत तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी 31 वर्षांची, लालबागच्या चाळीत वाढलेली आणि अंधेरीतल्या एका विमा कंपनीत कायम नोकरीला असलेली. शनिवार-रविवारी ती शिवडीच्या खाडीवर नाहीतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा घेऊन जात असे, आणि गेली काही वर्षे हाच तिचा खरा आठवडा झाला होता. राजीनाम्याचा मसुदा तिच्या मोबाइलमध्ये तयार होता. आईला लग्नाची आणि एकटीने रानोमाळ फिरण्याची काळजी होती. महापालिकेतून निवृत्त झालेले वडील मात्र काहीच कारण देत नव्हते. विषय निघाला की ते उठून बाहेर जात. मुलीला वडिलांच्या या मौनाचाच जास्त त्रास होत होता.

मी पहिल्यांदा थकव्याकडे पाहिले. कामाच्या सततच्या ताणातून येणारी दमणूक, कामाविषयीचा तुटकपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना यांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य झालेल्या आपल्या वर्गीकरणात आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. अशा अवस्थेत माणसाला नोकरीबाहेरचे काहीही स्वर्गासारखे दिसते, आणि तेव्हा घेतलेला निर्णय पुढे टिकेलच असे नाही. म्हणून साठलेली रजा घ्यायची, पण त्या रजेत कुठेही फिरायला जायचे नाही आणि कॅमेराही उघडायचा नाही, असे आमचे ठरले. झोप पुरी झाल्यावर नोकरीविषयीचा तिचा राग बराच ओसरला. तिला काम नकोसे झाले नव्हते, वरिष्ठांची वागणूक असह्य झाली होती, हेही तिच्या लक्षात आले आणि तिने विभाग बदलून मागितला. छायाचित्रणाची इच्छा मात्र तशीच राहिली. राग गेल्यावरही जी इच्छा उरते, तिच्याकडे मी गांभीर्याने पाहते.

पुढच्या भेटीत मी तिला या व्यवसायातला एक साधा, काम असलेला दिवस वर्णन करायला सांगितले. तिने डोंगरावरची पहाट सांगितली आणि ती थांबली. ही पहाट खरीच असते, पण तिच्यावर घर चालत नाही. यातून उपजीविका करणाऱ्या काही जणांना भेटून त्यांच्या आठवड्याचा हिशेब विचारून यावा, असे मी सुचवले. ती परतली तेव्हा तिच्या वहीत बरेच काही होते. नुसती छायाचित्रे विकून पोट भरणारे तिला जवळजवळ कोणी भेटलेच नाही. कार्यशाळा, सहली, संस्थांसाठीची कामे, हॉटेलांची छायाचित्रे आणि हंगामात लग्नेही, अशा जोडकामावर त्यांचे चालत होते. कॅमेरा डोळ्याला लावण्यापेक्षा जास्त तास संगणकावर निवड करण्यात, ओळी लिहिण्यात आणि थकलेल्या पैशांसाठी फोन करण्यात जात होते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो, त्यासाठी अर्ज करून वाट पाहावी लागते, हेही तिने नोंदवले होते. मी विचारले, “यातलं काय करायला तुला नको वाटेल?” ती म्हणाली, “लग्नं. बाकीचं सगळं मी आत्ताही करते, फक्त कोणी पैसे देत नाही.” हे उत्तर मला आश्वासक वाटले.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी 2003 मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात आवडीचे काम आयुष्यातल्या इतर गोष्टींशी जुळवून घेत राहते, दुसऱ्यात ते माणसालाच ताब्यात घेते आणि बाकीच्या नात्यांशी भांडत राहते. ध्यास किती तीव्र आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हे महत्त्वाचे, असे मलाही वाटते. या मुलीच्या बाबतीत भांडण नोकरीशी उरलेच नव्हते, ते वडिलांशी होते. त्यामुळे वडिलांना भेटणे आवश्यक झाले.

ते आले, पण बोलायला तयार नव्हते. मी कागदावर त्यांच्या कुटुंबाच्या तीन पिढ्या मांडायला घेतल्या. कोण कुठे जन्मले, कोणी काय काम केले, कोण कधी गाव सोडून मुंबईला आले, एवढेच विचारत गेले. अशा नकाशामुळे माणूस स्वतःची बाजू मांडण्याच्या ओझ्यातून सुटतो आणि हकिगत सांगू लागतो. वडिलांचे वडील राजापूर तालुक्यातून येऊन लालबागच्या एका गिरणीत लागले होते. “मग 82 उजाडलं,” एवढे म्हणून ते थांबले, आणि नंतर बराच वेळ तेच बोलत राहिले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबल्यावर असंख्य कुटुंबांनी बायका-मुलांना गावी धाडले. हे गृहस्थ तेव्हा शाळकरी वयाचे होते. चुलत्यांच्या घराच्या पडवीत त्यांना आणि त्यांच्या आईला जागा मिळाली. शाळा सुटली आणि त्या पावसाळ्यात दुसऱ्यांची गुरे राखावी लागली. जेवायला बसले की वाढणाऱ्या हाताकडे पाहायचे नाही, हे आईने शिकवले होते. पुढे मुंबईत परतून, रात्रशाळेत शिकून त्यांनी महापालिकेतली नोकरी मिळवली, आणि त्यानंतर गावाशी जेवढ्यास तेवढेच संबंध ठेवले. लेकीला त्यांनी गाव असे दाखवलेच नाही. एखाद्या लग्नाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. “पगार बंद झाला की माणूस कुठं जातो, ते मी बघितलंय, मॅडम. हिला ते माहीत नाही,” असे ते म्हणाले. मुलगी शेजारी बसून हे सारे पहिल्यांदा ऐकत होती.

घरच्यांच्या विरोधाला आपण लगेच आकडे आणि यशस्वी माणसांची उदाहरणे देऊन उत्तर देऊ लागतो. मला ही घाई चुकीची वाटते, कारण समोरचा माणूस पुष्कळदा आपल्याशी बोलतच नसतो, तो आपल्या जुन्या दिवसांशी बोलत असतो. ते दिवस कोणी विचारले, की त्याचा नकार सैल होतो. या वडिलांनीही त्या दिवशी होकार दिला नाही, पण “गावाला जायचं असेल तर जा, घराची किल्ली काकूकडे आहे,” असे म्हणाले.

ठिकाण निवडण्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. लडाख, स्पिती, काझीरंगा अशी तिची यादी तयार होती. मी तिला सुचवले, की नोकरी न सोडता वर्षभर एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे. नवे ठिकाण पहिल्या भेटीत सगळे देऊन टाकते असे वाटते. तेच दृश्य चौथ्यांदा पाहताना मन रमते की नाही, यावरून ओढीची पारख होते. ती सलग सुट्ट्यांना रात्रीच्या गाडीने राजापूरला जाऊ लागली.

तिच्या गावाच्या वर जांभ्या कातळाचा सडा, म्हणजे सपाट पठार, आहे. एप्रिलमध्ये तो काळाठिक्कर आणि ओसाड दिसतो, कागदोपत्री अशी जमीन बहुधा पडीक म्हणूनच नोंदलेली असते. पाऊस स्थिरावला की त्याच कातळावर पाण्याची तळी साचतात, शेवाळ धरते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे आणि गेंद यांचे ताटवे उभे राहतात. एका भेटीत तिने ‘दवबिंदू’ या कीटकभक्षी वनस्पतीचे पोटावर पडून काढलेले छायाचित्र मला दाखवले. नखाएवढी लालसर पाने, प्रत्येक पानाच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब, आणि एका थेंबात पाय अडकलेले चिलट. या मातीत नत्र फार कमी असल्याने ही वनस्पती कीटकांवर आपली गरज भागवते. ते छायाचित्र सुंदर होतेच, पण त्याखाली तिने तारीख, जागा, पाण्याची खोली आणि आसपासच्या वनस्पती लिहिल्या होत्या. पुढे खाणीसाठी किंवा आंब्याच्या कलमांसाठी सडा फोडला गेला, तर अशा नोंदींचे मोल किती वाढेल, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

गावात पहिल्यांदा तिला जो भेटेल तो “तू कुनाची गो?” असे विचारी. वडिलांचे नाव सांगून भागत नसे. पणजोबांपर्यंत गेल्यावर समोरच्याचा चेहरा उघडत असे. काकूने तिला पडवी दाखवली, तिच्याकडून जुने फेरफार आणि सातबाऱ्याच्या प्रतींचे फोटो काढून घेतले, आणि सड्यावर कोणत्या बाजूने चढायचे तेही सांगितले. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे, अभ्यासक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गावोगावी अशाच विचारपुशीतून सापडत गेली. 2022 मध्ये कोकणातल्या या शिल्पस्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. गुराख्यांना त्यांतली काही चित्रे कितीतरी आधीपासून ठाऊक होती. ही गोष्ट मी त्या मुलीला मुद्दाम सांगितली, कारण तिच्या घरातही एक गुराखी होता.

तिने सड्यावरच्या एका तळीचे छायाचित्र वडिलांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हे पाणी उशिरापर्यंत राहतं. खालच्या विहिरीला येतं ते हेच. पलीकडच्या अंगाला अजून दोन तळ्या आहेत, तू गेली नाहीस वाटतं.” त्या सप्टेंबरात ते तिच्याबरोबर गावी गेले. पडवीत झोपायला त्यांनी नकार दिला आणि शेजारच्या गावातल्या मेव्हण्यांकडे मुक्काम केला. मी याला अपयश मानत नाही. मुळांकडे परतणे म्हणजे जुना अपमान विसरणे नव्हे, आणि मुलांनी आईवडिलांकडून तशी अपेक्षाही करू नये.

पैशांचे बोलणे यानंतर झाले, आणि ते सोपे गेले. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल, आईवडिलांचा आरोग्य विमा चालू राहील, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायचे नाही आणि मोठी लेन्स लागेल तेव्हा भाड्याने आणायची, या अटी वडिलांनी घातल्या आणि लेकीने लिहून घेतल्या. एकटीने फिरताना रोज रात्री आईला जागा कळवायची, ही अट आईची. मला त्यांतली एकही अट जाचक वाटली नाही, कारण प्रत्येक अटीमागे एक पाहिलेले संकट होते.

सध्या ती त्याच कंपनीत कमी दिवसांच्या कराराने काम करते, पगारही त्या मानाने कमी झाला आहे. सड्यांच्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या एका संस्थेने तिला हंगामापुरते काम दिले आहे, आणि शिवडीला ओहोटीच्या वेळा पाहून ती रविवारी नवशिक्यांना रोहित पक्षी कसे टिपायचे ते शिकवते. राजीनाम्याचा मसुदा अजून मोबाइलमध्ये आहे. तो केव्हा पाठवायचा, यासाठी तिने आणि वडिलांनी मिळून महिन्याच्या कमाईचा एक आकडा ठरवला आहे. सलग सहा महिने तो गाठला तर वडीलच आठवण करून देणार आहेत. लग्नाविषयी आईचे म्हणणे बदललेले नाही, आणि त्यावर बोलण्यासाठी मायलेकींनी पुढची वेळ मागून घेतली आहे.